फुसका बार

अविनाशने पिस्तूल घ्यायचं ठरवलं, तेव्हा आधी एक्सेलची शीट उघडली.

घर घेताना, गाडी घेताना, इतकंच काय, आबांना अमेरिकेत आणायचं तर कुठलं विमान बरं हे ठरवतानाही त्याने हेच केलं होतं. डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोमध्ये राहून त्याला अठरा वर्षं झाली होती, नागरिकत्व मिळूनही पाच. टेक्सासचं ऊन, टेक्सासचे रस्ते आणि टेक्सासच्या लोकांचं बंदूकवेड या तिन्हींची सवय झाली होती, पण इथे बंदुकीला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मंडळींनी त्याला रेंजवर ओढून नेलं. भाड्याचं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल, पन्नास गोळ्या, समोर कागदाचं निशाण. दणका असा की कानांवर मफ असूनही छातीत घुमायचा. मजा आली. फक्त पन्नासातल्या चाळीस गोळ्या मधल्या वर्तुळाच्या खाली आणि डावीकडे जाऊन बसल्या. घड्याळात सात वाजतात ना, बरोबर त्या जागी.

“त्या पिस्तुलाची नेम धरायची माशीच वाकडी होती,” घरी येऊन त्याने बायकोला, स्वातीला सांगितलं. “भाड्याच्या सायकलचं हँडल कधी सरळ असतं का?”

म्हणून स्वतःचं घ्यायचं. ज्यांना ज्यांना विचारलं, ते सगळे म्हणाले, आधी .२२ घे. त्यात बुद्धीपेक्षा हिशेब त्याला जास्त पटला. नऊ मिलिमीटरची एक गोळी पंचवीस-सव्वीस सेंटच्या घरात जाते, .२२ची सात-आठ सेंटमध्ये भागते. सराव या स्वस्तातल्यावर करू, हात बसला की ‘खरं’ पिस्तूल घेऊ, असा त्याचा बेत होता.

शीटमध्ये पाच पिस्तुलं होती. रुगरचं एसआर-२२, वॉल्थरचं पी-२२, स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी-२२ कॉम्पॅक्ट, ग्लॉक-४४ आणि टॉरसचं टीएक्स-२२. नळीची लांबी, वजन, गोळ्या किती, किंमत किती, कोणत्या साली बाजारात आलं, लोकांनी किती तारे दिले, असे चौदा रकाने होते. महत्त्वाच्या रकान्यांना हिरवा रंग दिलेला होता.

आबा जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून ती शीट बघत बसले. आबा म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार. गाव साताऱ्याजवळचं अपशिंगे. घरटी एक तरी फौजी, म्हणून ज्या गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागलं, ते अपशिंगे. नोकरीची शेवटची अनेक वर्षं त्यांनी बेळगावात पोरांना फायरिंग शिकवण्यात घालवली होती. सहा महिन्यांसाठी लेकाकडे आले होते आणि टेक्सासातल्या एसीमुळे भर जूनमध्ये स्वेटर घालून बसत होते.

“सगळं लिवलंयस,” शेवटी ते म्हणाले. “तुझ्या हाताचा रकाना कुटं हाय?”

अविनाश हसला. आबांच्या बोलण्यावर असं हसायची त्याची जुनी सवय होती.

शनिवारी चौघं निघाले. गाडी त्याची मुलगी गार्गी चालवत होती. पंधरा पूर्ण झाल्यावर तिला शिकाऊ परवाना मिळाला होता, आणि शेजारच्या सीटवर परवानाधारक मोठं माणूस लागतं, म्हणून तिथे अविनाश. मागे आबा आणि स्वाती. पहिल्याच चौकात पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले. अजून बरंच अंतर होतं आणि गार्गीचा पाय ब्रेककडे निघालाही होता, पण त्याआधीच अविनाश ओरडला, “अगं ब्रेक! ब्रेक!” आणि आपल्या बाजूला नसलेला ब्रेक उजव्या पायाने करकचून दाबला. गार्गी दचकली, गाडीने आचका दिला. मागच्याने हॉर्न मारला.

“बाबा, तुम्ही ओरडता म्हणून माझं चुकतं,” तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तू चुकतेस म्हणून मी ओरडतो.”

आबा काही बोलले नाहीत. ते अविनाशच्या पायाकडे बघत होते.

दुकान आणि रेंज एकाच छपराखाली. काउंटरवर पांढऱ्या दाढीचा, गॅलिसवाला एक म्हातारा होता. आबा परदेशातून पाहुणे म्हणून आलेत हे कळल्यावर त्याने अदबीने, पण स्पष्ट सांगितलं की यांना बंदुकीला किंवा काडतुसाला हात लावता येणार नाही. पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या माणसाला, काही थोडे अपवाद सोडले तर, तिथला केंद्रीय कायदा ते करू देत नाही. अविनाशला ओशाळल्यासारखं झालं. ज्या माणसाने हजारो पोरांच्या हातात रायफल दिली, त्याला खेळण्याएवढ्या पिस्तुलाला बोट लावायची बंदी. आबांनी मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधले, पाय जरा फाकवले आणि विश्राममध्ये उभे राहिले.

“कायदा हाय तर हाय,” ते म्हणाले. “डोळ्यांना तर बंदी न्हाई न्हवं?”

म्हाताऱ्याने रबरी चटईवर पाचही पिस्तुलं मांडली. प्रत्येक मांडताना मॅगझीन काढलं, वरची स्लाइड मागे ओढून अडकवली, आतली रिकामी जागा आधी स्वतः पाहिली, मग गिऱ्हाइकाला दाखवली, आणि तोंड कायम भिंतीकडे ठेवलं. आबांनी मान डोलावली. “हा शिकलेला माणूस हाय. इथं घ्यायला हरकत न्हाई.”

अविनाशने थेट टीएक्स-२२ उचललं. शीटमध्ये त्यालाच सगळ्यात जास्त हिरवा रंग होता. बाकीच्यांत दहा गोळ्या, यात सोळा.

“सोळा कशाला?” आबांनी विचारलं. “कॉलेजात एनसीसीत किती मिळायच्या?”

“पाच.”

“ग्रुपिंग आलं हुतं का न्हाई?”

आलं होतं. साताऱ्याच्या त्या उन्हात, पोटावर पडून, .२२च्या रायफलने मारलेल्या पाच गोळ्या एका आठाण्याखाली झाकतील अशा बसल्या होत्या. उस्तादांनी पाठ थोपटली होती आणि मग पाचही ‘खाली खोके’, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, मोजून परत घेतले होते. पंचवीस वर्षांत अविनाशला ते आठवलंच नव्हतं.

“हातात घे,” आबा म्हणाले. “डोळे मीट. निशाणाकडं धर. आता डोळे उघड. माशी कुटं हाय?”

माशी मागच्या खाचेत नव्हती, वरच्या अंगाला निघाली होती. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. ग्लॉक-४४ आकाराने थेट त्यांच्या नऊ मिलिमीटरच्या लोकप्रिय ग्लॉक-१९ एवढं. ज्याच्याकडे ते मोठं आहे त्याला सरावाला हे सोयीचं, पण अविनाशकडे मोठं नव्हतंच. एसआर-२२चा घोडा पहिल्या गोळीला लांब आणि जड ओढावा लागतो, नंतरच्या गोळ्यांना हलका. “शिकणाऱ्याला दर खेपेला एकच चाल बरी,” आबांनी मत दिलं. पी-२२ स्वातीच्या मुठीत चांगलं बसलं, अविनाशच्या मुठीत करंगळी अधांतरी राहिली. एम अँड पी-२२ कॉम्पॅक्ट दोघांनाही चाललं. मूठ पुरली, बोटाचं पहिलं पेर घोड्यावर सहज टेकलं, स्वातीला स्लाइड न झगडता ओढता आली, आणि डोळे उघडले तेव्हा माशी खाचेत होती.

“पण नळी साडेतीन इंचांच्या जरा वर आहे,” अविनाशने शीट आठवून सांगितलं. “लांब नळीचं जास्त अचूक असतं.”

“नळीचं न्हाई, माशी आन् खाचंतल्या अंतराचं,” आबा म्हणाले. “लांब असलं तर चूक बारीक दिसती, आखूड असलं तर मोठी दिसती.”

त्यांचा हिशेब बरोबर होता. माशी आणि खाच यांत पंधरा सेंटीमीटर अंतर असलं आणि माशी एका मिलिमीटरने हलली, तर दहा मीटरवर गोळी साडेसहा सेंटीमीटरने चुकते. अंतर तेवीस सेंटीमीटर असलं तर चारच्या आसपास. स्पर्धेतली .२२ची पिस्तुलं म्हणूनच लांबोडकी दिसतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटरवर सोनं मारलं, तेही याच .२२च्या गोळीने.

“मग मी आखूड का घेऊ?”

“पदक मारायचं असंल तर लांब घे. शिकायचं असंल तर चूक मोठी दिसलेली बरी.”

म्हाताऱ्याला हे सगळं स्वातीने इंग्रजीत सांगितलं. तो खुश झाला आणि त्याने आपल्या तर्फे भर घातली. .२२ची पिस्तुलं खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असतात. एकाला जी गोळी पचते ती दुसऱ्यात अडकते, म्हणून एकदम मोठा खोका न घेता चार-पाच जातींच्या थोड्या थोड्या घ्या, कोणती मानवते ते बघा. आणि कधीकधी गोळी फुटणारच नाही, याची तयारी ठेवा.

“का बरं?” स्वातीने विचारलं.

मोठ्या काडतुसात पेट घेणारी दारू बुडाच्या मधोमध, वेगळ्या टोपीत भरलेली असते. .२२मध्ये तशी टोपीच नाही. बुडाची जी कड बाहेर आलेली असते तिच्या पोकळीत ती दारू फिरवून पसरलेली असते, आणि पिस्तुलाची सुई त्या कडेला चेचते. एखाद्या गोळीत दारू कडेला सगळीकडे सारखी पोचलेली नसते आणि सुई नेमकी तिथेच पडते. स्मिथ अँड वेसनने १८५७ साली या घराण्यातली पहिली आखूड गोळी काढली, आज सगळे वापरतात ती ‘लाँग रायफल’ १८८७ची. तेव्हापासून ही रचना बदललेली नाही, कारण इतक्या स्वस्तात दुसरी कुठली होत नाही.

“दिवाळीची टिकलीच की,” आबा म्हणाले. “हातोडीनं ठोकायची. धातली एखादी सादळलेली निघायचीच.”

मग फॉर्म भरला, ओळखपत्र दाखवलं, पार्श्वभूमीची चौकशी झाली आणि होकार आला. आबा घड्याळ बघत होते. आपल्याकडे अर्ज, पोलिसांची चौकशी, परवाना असं सगळं व्हायला महिने जातात. इथे चहा पिऊन होईतो झालं होतं.

“हत्यार मिळायला सोपं झालं की संभाळायला अवघड हुतं,” ते म्हणाले. “घरात पोर हाय. आधी पेटी घे.”

पिस्तुलासोबत कुलपाची पोलादी पेटी घेतली. शीटमध्ये पेटीचा रकाना नव्हता.

रेंजवर आबा आणि गार्गी काचेपलीकडच्या बाकावर बसले. अविनाश आणि स्वाती आत. चष्मे, कानांना मफ, निशाण सात यार्डांवर. पहिलं मॅगझीन स्वातीने मारलं. ती शांतपणे, जवळजवळ कंटाळल्यासारखी मारत होती. दहाच्या दहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. “आवाजच नाही याला,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं केवढं काय असेल.”

मग अविनाश. ठप्, ठप्, ठप्. नऊ मिलिमीटरची साधारण गोळी साडेसात ग्रॅमची, ही अडीच ग्रॅमची, दणका तो कसला! आता सगळ्या मधोमध जाणार याची त्याला खात्री होती. निशाण जवळ ओढून पाहिलं. खाली, डावीकडे. सात वाजले होते.

दुसऱ्या मॅगझीनच्या चौथ्या गोळीला नुसतं ‘टिक’ झालं. बार उडालाच नाही. नियमाप्रमाणे त्याने पिस्तूल निशाणाकडे धरून अर्धं मिनिट वाट पाहिली, कारण क्वचित एखादी गोळी उशिराने पेटते, मग ती काढून टाकली. पुढे पुन्हा एक टिक. तिसऱ्या मॅगझीनमध्ये आणखी एक. शेवटी तो तणतणत बाहेर आला.

“फालतू आहे सगळं. माशी याचीही वाकडी, आणि गोळ्या तर निव्वळ कचरा. तीसमधल्या तीन फुसक्या! परत करतो हे. सरळ नऊ मिलिमीटरचं घेतो, ते कधी दगा देत नाही.”

आबांनी त्याला शेजारी बसायला सांगितलं.

“निशाणावर किती छेद हायत?”

“सत्तावीस.”

“ते मला हिथनं दिसत न्हाईत. मला तू दिसत हुतास. आन् तीस बारांत मला तीनच बार दिसले. जे उडले न्हाईत ते.”

“म्हणजे?”

“बार उडतो तवा पिस्तूल वर उसळतं. बघणाऱ्याला वाटतं दणक्यानं उसळलं, मारणाऱ्यालाबी तसंच वाटतं. पण टिक झालं, दणकाच न्हाई, तरी तुझं पिस्तूल हाललं. वर न्हाई, खाली. डाव्या अंगाला खाली. कुणी हालवलं? गोळी तर फुटलीच न्हवती.”

अविनाश गप्प झाला. मग म्हणाला, “एवढं हललं असेल असं वाटत नाही.”

“मलाबी न्हवतं वाटलं,” आबा म्हणाले. “रंगरूट हुतो. उस्ताद मागं बसून रायफलीत गोळी घालायचे आन् आमच्या हातात द्यायचे. चार उडाल्या. पाचवीला त्यांनी गोळी घातलीच न्हाई, नुसतं बोल्ट मागंपुढं केलं. मी घोडा वढला आन् रायफलीनं अशी डुबकी घेतली की सगळी पलटण हसली. त्या दिवसापास्नं मी माशीला दोष दिला न्हाई.”

“मग आता?”

“आता तुला कुणीतरी न सांगता फसवायला पायजे. मला हात लावता येत न्हाई. सूनबाई हाय.”

काउंटरवर सरावाच्या खोट्या गोळ्या मिळाल्या. आकाराने हुबेहूब, आत काही नाही. स्वातीने पाठ फिरवून मॅगझीन भरलं. किती खऱ्या, किती खोट्या, कुठल्या जागी, ते फक्त तिला ठाऊक. ती आयुष्यात प्रथमच नवऱ्याला कायदेशीर रीतीने फसवत होती आणि तिला ते आवडलेलं दिसत होतं.

ठप्. ठप्. टिक.

या वेळी अविनाशने स्वतःच पाहिलं. टिक व्हायच्या क्षणी पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे गेलं होतं, कुणी वरून टपली मारावी तसं. त्याने मूठ घट्ट केली. ठप्. टिक. पुन्हा तेच. आता खोटी आहे असं मनाशी ठरवून ओढला तर खरी निघाली, आणि ती वर्तुळाच्या मध्यापासून दोन बोटांवर बसली. दिवसातली सगळ्यात चांगली गोळी. उडणार नाही अशी खात्री होती म्हणून.

बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावरचा राग गेला होता.

“आबा, मी आवाजाला घाबरतो की काय? हा तर केवढासा आवाज!”

“आवाजाला कुणी दचकत न्हाई. आवाज हुयाच्या आधी दचकतो. आवाज झाल्यावर दचकलास तर काय बिघडत न्हाई, गोळी तवर गेलेली असती. त्या दिवशी मोठ्या पिस्तुलानं जो दणका दिला तो तुझ्या हातात ऱ्हायला. हात आता दर खेपेला त्याची वाट बघतो, आन् तो यायच्या आधीच त्याला दाबाया जातो.” ते थोडं थांबले. “मोठ्या पिस्तुलावर हे तुला जन्मात कळलं नसतं. ते दगा देत न्हाई म्हणतोस ना, तेच. बार उडाला की चूक धुरात जाती. फुसका निघाला की हातात ऱ्हाती.”

त्यानंतर सहा आठवडे अविनाशने एकही शीट उघडली नाही. रोज रात्री जेवणं झाली की पेटीचं कुलूप निघायचं. गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. पिस्तूल रिकामं आहे हे अविनाश पाहायचा, मग स्वाती पाहायची, मग त्यात एक खोटी गोळी जायची. पुष्कळशा .२२मध्ये गोळीशिवाय घोडा ओढला तर सुई थेट नळीच्या कडेवर आपटून ती कड झिजवते. म्हाताऱ्याने बजावलं होतं, आपल्या पिस्तुलाचं पुस्तक वाचा, आणि शंका असली तर खोटी गोळी घाला. आबांनी पाकिटातून एक रुपयाचं नाणं काढून स्वातीकडे दिलं. ती ते पिस्तुलाच्या पाठीवर, माशीच्या मागे ठेवायची. घोडा असा ओढायचा की टिक झालं तरी नाणं पडता कामा नये.

पहिल्या आठवड्यात रुपया फरशीवर इतक्या वेळा पडला की गार्गीने हिशेब ठेवला आणि बाबांकडे तेवढे डॉलर मागितले.

आबा खुर्चीत हात पाठीशी बांधूनच बसायचे. “मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, ट्रिगर ऑपरेशन,” पलटणीतले तीन उसूल ते जपासारखे म्हणायचे. फौजेत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. जुन्या मराठीतही शिस्तीचा एक अर्थ नेम असाच होता. अविनाशला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता, जो लहानपणी आबांनी त्याला पुष्कळ वेळा समजावला होता.

“तिसरं लई सावकाश,” आबा सांगायचे. “बार कवा उडंल ते तुला कळता नये. कळलं की हात आधी जातो.”

शनिवारी रेंजवर स्वाती मॅगझीन भरायची. सात खऱ्या, तीन खोट्या. हळूहळू टिक झालं तरी माशी जागच्या जागी राहू लागली. निशाणावर सात वाजायचे ते आधी आठ, मग नऊ, आणि एके दिवशी घड्याळच बंद पडलं. छेद सगळे मधे. भाड्याचं ते जुनं नऊ मिलिमीटरचंही अविनाशने एकदा मुद्दाम मागून घेतलं. माशी सरळ होती.

रेंजवरून परतल्यावर सगळ्यांनी आधी गार पाण्याने हात धुवायचे, कारण .२२च्या दारूत आणि गोळीत शिसं असतं, हाही घरात नियम झाला. ‘खरं’ पिस्तूल घ्यायचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

आबांच्या परतीच्या आदल्या दिवशी चौघं दुकानात खरेदीला निघाले. गाडी गार्गीच चालवत होती. परीक्षा जवळ आली होती. अविनाश शेजारी, आबा आणि स्वाती मागे. डावीकडे वळायचं होतं आणि समोरून एक पिकअप ट्रक येत होता. लांब होता, पण येत होता. गार्गी थांबणार की वळणार?

अविनाशच्या तोंडात ‘ब्रेक’ आला. उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर गेला.

मागच्या सीटवरून हळूच आवाज आला. टाळ्याला जीभ लावून काढलेला.

“टिक.”

अविनाशने खाली पाहिलं. त्याचा पाय गालिच्यात रुतला होता आणि गाडीत अजून काहीही झालेलं नव्हतं. त्याने पाय सैल सोडला. तोंडातला शब्द गिळला. गार्गीने गाडी हळुवार थांबवली, ट्रक जाऊ दिला, आरशात पाहिलं आणि वळली. कुठे आचका नाही, मागून हॉर्न नाही.

थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, “बाबा, आज ओरडला नाहीत?”

“ओरडणार होतो,” अविनाश म्हणाला. “बार फुसका निघाला.”